न उघडलेली दुपार

१

त्या विभागात तिला सगळे यादीबाई म्हणत. नाव होतं की तिला, आई-वडिलांनी हौसेनं ठेवलेलं. पण जी बाई बावीस वर्षं सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत माणसांना याद्या वाचून दाखवते, तिला दुसरं काय म्हणणार? तिनंही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. फोन वाजला की स्वतःच सांगायची, "हां, यादीबाई बोलतेय."

माणसाची आठवण चालते कशी, याचा अभ्यास करणारा तो विभाग. तिसरा मजला, लांबलचक बोळ आणि बोळाच्या टोकाला एक बिनखिडकीची खोली. भिंतींना आवाज पिणारं करडं कापड लावलेलं. मध्ये टेबल, अलीकडे यादीबाई, पलीकडे पाहुणा. चाचणीला जो येईल त्याला पाहुणा म्हणायची तिथं पद्धत होती, आणि पाहुण्याची सरबराई म्हणजे शेवटी एक कप चहा, तोही यादीबाईच्याच हातचा.

पाहुणा स्थिरस्थावर झाला की ती पंधरा शब्द वाचायची. दर दोन सेकंदांना एक. ढग. चमचा. शिडी. घोडा. आवाज असा सपाट, की त्यात ना माया ना राग. मग पाहुण्यानं चारशे एकवीसपासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायचं. चारशे अठरा, चारशे पंधरा, चारशे बारा. हे कशासाठी, तर त्यानं शब्द मनात घोकत बसू नये म्हणून. घोकंपट्टी बंद पडली की जे उरतं तेच खरं शिल्लक. मग त्याच्यापुढं कोरा कागद ठेवायचा: आठवतील ते लिहा. पाहुणा चहा पीत असताना यादीबाई तो कागद तपासून तीन रकाने भरायची. आठवलेले, विसरलेले आणि बाहेरचे.

बाहेरचे म्हणजे यादीत नसताना लिहिलेले. ही तर रोजचीच गंमत. माणूस उशी, चादर, पलंग असे शब्द ऐकतो आणि छातीठोकपणे 'झोप' लिहून मोकळा होतो. तुम्ही तो शब्द ऐकलाच नाही म्हणावं, तर भांडायला उठतो. म्हणतो, बाई, तुमच्या तोंडून ऐकलाय मी. यादीबाई कधी वाद घालायची नाही. मुकाट्यानं तिसऱ्या रकान्यात एक रेघ ओढायची.

"आठवण म्हणजे काही फोटो नाही," सर म्हणायचे. सर म्हणजे विभागाचे प्रमुख. आता निवृत्तीला आलेले, पण हे वाक्य त्यांनी दर वर्षीच्या नव्या मुलांना ऐकवलं नाही असं झालं नाही. "आठवण म्हणजे माती. बाहेर काढली की ती पुन्हा ओली होते. तुम्ही हाताळता, तुमची बोटं उमटतात, आणि तशीच ती वाळते. पुढच्या वेळी हाती येते ती मूळची नाही, मागच्या खेपेची बोटं उमटलेली."

मुलं हे वहीत लिहून घ्यायची आणि परीक्षेनंतर विसरायची. यादीबाईनं मात्र ते जिवाला लावून घेतलं होतं.

२

त्याचं असं झालं. यादीबाई या कामावर लागली तेव्हा एकतीस वर्षांची होती, आणि लागल्यापासून तीनच महिन्यांत तिची ताई गेली. ताई तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेलेली, तेव्हा वेणी घालण्यापासून शाळेत भांडायला जाण्यापर्यंत सगळं ताईनंच केलेलं. ताईचं लग्न उशिरा झालं तेही हिच्यापायीच, असं नातेवाईक म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

ताई गेल्यावर आठवड्यानं ही कामावर आली, आणि त्याच दिवशी सरांनी मातीचं ते वाक्य नव्या मुलांना सांगितलं. ही मागं फायली लावत उभी होती. हातातली फाईल तशीच राहिली.

कारण एक दुपार तिनं अजून काढली नव्हती. दवाखान्याच्या धावपळीत, माणसांच्या राबत्यात ती तशीच राहून गेली होती. ताईचं घरातलं शेवटचं ऊन. हिनं ताईचे केस कापून दिले, ताई काहीतरी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दवाखान्यात गेली ती परत आली नाही. एवढंच तिला वरवर ठाऊक होतं, एखाद्या डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असावी तसं. डबा तिनं उघडला नाही. त्याच दिवशी ठरवलं की उघडायचाच नाही. एक तरी ताई बोटं न लागलेली राहू दे.

तुम्ही म्हणाल, न आठवायचं असं ठरवून कुणाला जमतं का? इतरांना नाही जमणार. पण हिच्या हाताशी धंद्यातलीच युक्ती होती. ती दुपार मनाच्या उंबऱ्याशी आली रे आली, की ही तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लागायची. भांडी घासताना, बसच्या रांगेत, दंतवैद्याच्या खुर्चीत. बावीस वर्षं मोजत राहिली.

बाकीच्या आठवणी मात्र तिनं मनसोक्त काढल्या. जिन्यावरची ताई, चुलीपुढची ताई, सायकल शिकवताना मागून धावणारी ताई. रोज काढल्या, रात्रंदिवस काढल्या, आणि त्यांचं व्हायचं ते झालं. आता जिन्यावरची ताईसुद्धा कपाटावरच्या फोटोतलेच कपडे घालून उभी असायची, मान फोटोतल्याइतकीच कलती. आवाज तर कधीचाच गेला होता. तरी यादीबाईला त्याचं फार वाटायचं नाही. तिच्याकडं एक दुपार राखून ठेवलेली होती.

आणि मग एका मंगळवारी नळ दुरुस्त करणारा एक तरुण पाहुणा आला. ढग, चमचा, शिडी, घोडा. उलटी मोजणी नीट केली, नऊ शब्द बरोबर लिहिले. खाली दोन जास्तीचे होते. कात्री. टॉवेल.

यादीबाईनं तिसऱ्या रकान्यात दोन रेघा ओढल्या आणि त्याला चहा दिला.

३

एखाद्यानं कात्री लिहिली म्हणून कुणी घाबरत नाही. पण त्याच आठवड्यात शाळेतल्या एका बाईंनी 'टॉवेल' लिहिलं, आणि पुढं कंसात 'निळा'. कंस कुणी कशाला घालेल? एका कॉलेजच्या मुलीनं लिहिलं, 'केस, खाली पडलेले.' शब्द लिहा म्हटल्यावर शब्द लिहावेत ना. बेकरीवाल्यानं तर लिहिलं, 'ऊन पायांपर्यंत आलं.'

यादीबाईच्या मनात पाल चुकचुकली. पण ती काही उगाच घाबरणाऱ्यांतली नव्हती. बावीस वर्षं ती बघत आली होती की माणूस कसा स्वतःच स्वतःला फसवतो. आधी आपलीच चूक शोधावी. वाचता वाचता आपल्याच तोंडून काही निसटत असेल का? ती खालच्या मजल्यावर तंत्रज्ञाकडं गेली. प्रत्येक चाचणीचा आवाज यंत्रात साठवलेला असायचा आणि ते सगळं तो सांभाळायचा.

"यादीबाई, तुमचं रेकॉर्डिंग तपासायचं म्हणजे घड्याळाची टिकटिक तपासायची," तो म्हणाला. "तुम्ही चुकलात तर मी मिशा काढेन."

दोघांनी कानाला यंत्रं लावून चारही चाचण्या ऐकल्या. पंधरा शब्द, दर दोन सेकंदांना एक. मध्ये नुसती शांतता.

"बघा. मिशा वाचल्या," तंत्रज्ञ म्हणाला.

"शांतता जरा मोठी करता येईल?"

"शांतता मोठी करून काय ऐकणार?" असं म्हणत त्यानं केली. करड्या कापडाची घुमी शांतता, तिच्याच श्वासाचा आवाज. आणि 'शिडी' नि 'घोडा' यांच्या मध्ये, फार लांबून, कच्, कच्. तंत्रज्ञानं खांदे उडवले. खुर्ची असेल, म्हणाला. यादीबाईही म्हणाली, खुर्चीच असेल.

त्या दिवशी संध्याकाळी भाची आली. भाची म्हणजे ताईची मुलगी, सव्वीस वर्षांची, आई गेली तेव्हा चार वर्षांची होती. पुढच्या रविवारी ती नोकरीसाठी दूर देशी निघाली होती, निदान पाच वर्षांसाठी. बॅगा भरून झाल्या होत्या, कागद झाले होते. एकच गोष्ट राहिली होती, आणि ती मागायला ती मावशीकडं आली होती.

"मावशी, ती दुपार दे मला."

"सांगेन गं कधीतरी."

"कधी? मी दहावीत होते तेव्हापासून तू 'कधीतरी' म्हणतेयस. दाबून बसलीयस नुसती." भाचीनं तिच्या हातातला कप काढून घेतला आणि बाजूला ठेवला. "मला आईची एकही आठवण नाही. एक नाही. मी त्या खोलीत होते म्हणतेस ना? मला काळे केस दिसतात फरशीवर, बस. तोंड दिसत नाही. आणि बाकीचे काय सांगतात, तर शेवटच्या वर्षी ती फार घाबरायची. दिवे लावून झोपायची, मध्येच दचकायची. बाबांनाही तेवढंच आठवतं. मला घाबरलेली आई नकोय, मावशी. त्या दुपारी ती बरी होती, असं तूच म्हणाली होतीस."

"बरीच होती. चांगली दुपार होती ती."

"तुला कसं माहीत? विचारलं तर त्यातलं काहीच सांगता येत नाही तुला."

मग यादीबाईनं सगळं सांगून टाकलं, मातीचं, बोटांचं, उलट्या मोजणीचं. भाची ऐकत राहिली. मग उठून मावशीच्या शेजारी येऊन बसली.

"कापड नुसतं घडी घालून ठेवलं तरी घडीवर विरतं गं," ती म्हणाली. "शनिवारी सांग. मी रविवारी जाणार."

४

शुक्रवारी शेवटचे पाहुणे होते घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा. नीटनेटके, खिशात भिंग. उलटी मोजणी त्यांनी अशी केली की यादीबाईला कौतुक वाटलं. अकरा शब्द लिहिले. मग पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि कागदाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात आणखी काही लिहिलं.

तिनं वाचलं. 'कोपऱ्यातली बाई.'

पाहुण्याला काही विचारायचं नाही, हा तिथला पहिला नियम. बावीस वर्षांत तिनं तो मोडला नव्हता.

"हे कुठून आलं, आजोबा?"

"तुम्हीच वाचलंत ना."

"नाही वाचलं मी."

"मग दिसलं असेल." ते जरा ओशाळले. "तुम्ही वाचत होतात तेव्हा समोर आलं, खरं सांगतो. एक खोली आहे. एक बाई केस कापून घेतेय, दुसरी कापतेय. खाली लहान मूल आहे. आणि एक जण कोपऱ्यात उभी. तिचं त्या तिघींशी काही नातं दिसेना, म्हणून लक्षात राहिली."

"कशी होती?"

"मला पाठमोरी दिसली. केस पांढरे. रडत होती हो. खांदे हलत होते, पण आवाज नाही."

एवढं बोलून आजोबांनी तिच्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिले. मग त्यांनी चहात साखर किती घालता असं विचारलं.

त्या रात्री यादीबाईनं आपल्या बुद्धीला पुष्कळ कामाला लावलं. आजोबांनी बोळात कुणाचं बोलणं ऐकलं असेल. आपणच चेहऱ्यावरून काही सुचवत असू, पाहुणे फार हुशार असतात, चाचणी घेणाऱ्याच्या भुवयांवरून उत्तर काढतात. पण त्या दुपारी कोपऱ्यात कुणी नव्हतं. घरात ताई, ही आणि चार वर्षांची भाची, तिघीच. एवढं तर डब्यावरच्या चिठ्ठीतही होतं. मग तिला वेगळीच भीती वाटायला लागली. बावीस वर्षं आपण बोट लावलं नाही, आणि नळवाले नि बेकरीवाले येऊन जाऊन हात घालताहेत. त्यांची बोटं उमटायच्या आत आपण उघडलेली बरी. आपली ताई आहे ती.

५

शनिवारी विभागाला सुट्टी. तिनं भाचीला तिथंच बोलावलं, त्या बिनखिडकीच्या खोलीत, दुपारी तीनला. दुसरीकडं कुठं तिला हे जमलं नसतं. आज ती पाहुण्याच्या खुर्चीत बसली. भाची तिच्या जागी, पुढं कोरा कागद.

"मी बोलेन ते लिही. मध्ये विचारू नकोस," यादीबाई म्हणाली.

पद्धत तिला पाठ होती. आधी नुसती जागा. मग वस्तू. मग माणसं. बोलणं सगळ्यांत शेवटी, कारण घाई केली की मन रिकाम्या जागा आपल्या पदरचं घालून भरून टाकतं. तिनं डोळे मिटले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा, ती दुपार उंबऱ्याशी आली तरी मोजायला सुरुवात केली नाही.

खोली आली. कशी आली म्हणून सांगू. तिला रडूच फुटलं. इतकी ताजी, इतकी लखलखीत खोली तिनं कधी आठवलीच नव्हती. "ऊन आहे," ती म्हणाली. "फरशी पिवळी. एक फरशी चिरलेली. खिडकीला अर्धाच पडदा. औषधाचा वास येतोय, आणि साबणाचा. खुर्ची. निळा टॉवेल."

भाचीची पेन्सिल करकरत होती.

"तू खाली बसलीयस. पत्र्याच्या डब्यात बटणं आहेत, तू ती ओततेस आणि भरतेस. मी उभी आहे, ताईच्या मागं. केवढी बारीक होते मी. हातात कात्री आहे."

स्वतःला असं बाहेरून पाहताना तिला नवल वाटलं नाही. जुन्या आठवणीत माणूस स्वतःला लांबून बघतो, हे तिथल्या पहिल्या धड्यातच असतं. मन कॅमेरा हलवतं. कुणी छतावरून बघतं, कुणी दारातून. ही कोपऱ्यातून बघत होती.

मग तिनं ताईकडं पाहिलं.

फोटोतली ताई नव्हे. गालावर उशीचा वळ असलेली, ओठ फाटलेले, कानामागं ओल्या केसांची बट चिकटलेली, जिवंत ताई. ती श्वास घेत होती. यादीबाईची बावीस वर्षांची भूक एकदम वर आली, आणि ताई, ताई असं म्हणत ती त्या कोपऱ्यात हुंदके द्यायला लागली. आवाज मात्र निघेना.

ताईनं मान वर केली.

कापणारी थांबली. "हलू नकोस गं ताई," ती म्हणाली. पण ताई तिच्याकडं बघत नव्हती. ती समोरच्या कोपऱ्याकडं बघत होती. आठवणीतलं माणूस आपल्याकडं बघत नाही, बघूच शकत नाही, ते झालेलं असतं, संपलेलं असतं. यादीबाईनं हे स्वतःला सांगितलं. ताईचे डोळे तिच्या केसांवरून चेहऱ्यावर आले आणि तिथं थांबले. तिच्या हातांनी टॉवेलची कड घट्ट धरली.

"ती बघ," ताई म्हणाली. तोच आवाज, थोडा घोगरा, यादीबाई बावीस वर्षं ज्यासाठी झुरली तो. "परत आली ती."

"कुणी नाहीये ताई."

"रोज येते. जिन्यात असते, चुलीपाशी असते. काही बोलत नाही, नुसती बघत उभी राहते." ताईचा आवाज कापायला लागला. "तिला जायला सांग ना. मला फार भीती वाटते गं तिची."

खाली बसलेल्या पोरीनं बटणं ओतायची थांबवली आणि तीही कोपऱ्याकडं बघायला लागली.

६

यादीबाईनं डोळे उघडले. करड्या भिंती, टेबल, भाची. भाचीचे डोळे भरलेले होते, पेन्सिल कागदावर टेकलेली.

"आई दिसली ना? तुझ्या तोंडावरून कळलं मला. काय म्हणाली?"

जिन्यात, ती म्हणाली होती. चुलीपाशी. जिन्यातली ताई यादीबाईनं किती वेळा काढली असेल? हजारदा? आणि त्या जिन्यात, त्या शेवटच्या वर्षात, ताई खरोखरीच पायऱ्यांवर मध्येच थांबायची आणि वळून बघायची. डॉक्टर म्हणाले होते, आजार डोक्यात चढलाय, दिसतं असं काहीबाही. सगळ्यांनी ते मानलं. हिनंही मानलं, आणि आजही तिची बुद्धी तेच म्हणत होती: आजोबांनी कोपऱ्यातली बाई सांगितली, आणि तू ती रिकाम्या जागी आपल्या पदरची बसवलीस. पुस्तकात याला नाव आहे. तूच तर दर वर्षी मुलांना समजावतेस.

बुद्धी बोलत होती, पण जिन्यात ताई वळून कुणाकडं बघायची, ते तिला आता कळलं होतं.

"मावशी?"

"सांगते," यादीबाई म्हणाली. आणि तिनं खोटं बोलायला सुरुवात केली.

हे तिच्याइतकं चांगलं कुणाला जमलं नसतं. खोटी आठवण खरी वाटायला काय लागतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. मोठ्या गोष्टी नाहीत; बारीकसारीक, निरुपयोगी तपशील. आधी लिहिलंस ते खोड म्हणाली, त्यात दुसऱ्याच घरातलं मिसळलंय. तिनं ताईला दुसऱ्याच खोलीत नेलं, जशी खोली त्या घरात कधी नव्हतीच. हिरवा रंग दिला, दोन खिडक्या दिल्या. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ताईच्या पायात एकच मोजा होता, दुसरा सापडत नव्हता, म्हणून तिघी हसत होत्या. ताईनं तुला मांडीवर घेतलं, तुझे केस हुंगले. तुझ्या डोक्याला उन्हाचा वास येतो म्हणाली.

"घाबरली नव्हती?"

"छे गं. कशाला घाबरेल? म्हणाली, मला आज किती बरं वाटतंय."

भाचीनं लिहिलं. लिहिता लिहिता थांबली, आणि तिचा चेहरा उजळला. "मोजा," ती म्हणाली. "पांढरा होता का गं? थांब, मला दिसतोय. मावशी, मला खरंच दिसतोय."

"पांढराच होता," यादीबाई म्हणाली.

तिला दिसणारच होतं. आता पाच वर्षं, दूर देशी, पोर त्या हिरव्या खोलीत जाईल. रोज जाऊ दे, हजारदा जाऊ दे. तिथं घाबरायला खरी ताई नाहीच. भाचीनं कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, मावशीच्या गळ्यात पडली आणि खूप वेळ सोडलं नाही. "इतकी वर्षं लपवलीस, पण काय सुंदर दुपार दिलीस," असं म्हणाली. रविवारी दुपारच्या विमानानं ती गेली.

७

त्यानंतर पाहुण्यांच्या कागदावर बाहेरचं काही आलं नाही. ढग, चमचा, शिडी, घोडा. तंत्रज्ञाच्या मिशा शाबूत राहिल्या.

यादीबाईनं ठरवलं होतं की आता ताईला आठवायचं नाही. कुठलीच ताई नाही, जिन्यातली नाही, सायकलमागची नाही. मनात आली की मोजायचं. प्रेम करायचं तर असंच, तिच्या वाटेला न जाता. पंधरवडाभर निभावलं. फोटोही कपाटात उलटा करून ठेवला. पण बावीस वर्षं जिनं ताईवाचून घास गिळला नाही, तिनं कुठं जावं? जीव नुसता खालीवर व्हायचा. तो घोगरा आवाज एकदा कानावर पडला होता ना. आधी नव्हता तेव्हा बरं होतं.

मग एका दुपारी, घरी, जेवणानंतर, तिला वाटलं, ती हिरवी खोली आपलीही आहे की. आपणच बांधलीय. तिथं गेलं तर कुणाचं काय बिघडतं?

ती गेली. रचलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलांनी सांगितली की सांगणाऱ्यालाही दिसायला लागते, तसं तिला सगळं लख्ख दिसलं. दोन खिडक्या, ऊन, बाहेर सायकलची घंटी. ताई खुर्चीत बसलेली, एका पायात मोजा. कोपऱ्यातून यादीबाई दोन पावलं पुढं आली. ताईनं मान वर केली, आणि ती घाबरली नाही. अजिबात घाबरली नाही. यादीबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"ताई," ती म्हणाली, आणि इथं आवाज निघाला.

ताई हसली. दारात आलेल्या कुणाकडेही बघून माणूस हसतो, तसं. फोटोला आवाज असता तर जसा असता तसा तिचा आवाज होता, नितळ, कुणाचाच नाही.

"कोण हवंय आपल्याला?" तिनं विचारलं.

यादीबाई बराच वेळ त्या सुंदर, उजेडाच्या खोलीत उभी राहिली. ताई हसत राहिली. सायकलची घंटी पुन्हा पुन्हा वाजत राहिली. तिथं कितीही वेळ थांबता आलं असतं, कुणी जा म्हणालं नसतं.

मग ती वळली. पिवळी फरशी, अर्धा पडदा, औषधाचा वास. तिला ठाऊक होतं, कोपऱ्यात आपण दिसलो की ताई टॉवेलची कड घट्ट धरणार, तिचे ओठ पांढरे पडणार, आवाज कापणार. मनातल्या मनात ती ताईची हजारदा माफी मागत होती. पण घाबरलेली का होईना, ती ताई होती.

आणि ती आत गेली.